औषध लिहिण्याआधी त्याचा दिवस विचारा

पत्र

आदरणीय डॉक्टर,

मी नुकतीच एमबीबीएस झाले आणि मुंबईत महापालिकेच्या एका दवाखान्यात काम करते. शनिवारी संध्याकाळी आम्ही काही मित्रमैत्रिणी औषधांची बॅग घेऊन दादर ते सायन या पट्ट्यात पुलांखाली आणि फुटपाथवर राहणाऱ्यांना तपासतो. तिथे पंचावन्नच्या आसपासचे एक काका आहेत, नाक्यावर उभे राहून मिळेल ते ओझं वाहतात. त्यांची शुगर 290 निघाली. मी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी रोज सकाळी एक, अशी महिन्याभराची दिली. काही दिवसांनी ते नाक्यावरच घामाघूम होऊन पडले. चहावाल्याने साखर घालून चहा पाजला, म्हणून वाचले. तेव्हापासून कोणालाही काही लिहून द्यायचं म्हटलं की माझा हात आखडतो.

आमचे वरिष्ठ म्हणतात, "यांना लिहून उपयोग नाही. घेत नाहीत, नाहीतर विकतात. मलमपट्टी करा आणि सोडून द्या." पुस्तकाप्रमाणे लिहिलं तर काकांसारखं होतं. हात राखून लिहिलं तर गरिबाला गरीब उपचार दिल्यासारखं वाटतं. मी काय करू?

आणखी दोन गोष्टी. बरेच जण झोपेची गोळी मागतात, द्यावी का? आणि पुलाखाली एक ताई राहतात, सतत स्वतःशी बोलत असतात, गोळी घ्यायला तयार नाहीत. आमच्यातला एक जण म्हणतो, चहातून देऊ. मला ते पटत नाही, पण ताईंचे हालही बघवत नाहीत.

एक तरुण डॉक्टर, मुंबई

उत्तर

प्रिय डॉक्टर,

काकांची ती एकत्र गोळी आजच बंद करा. शनिवारची वाट पाहू नका. नाक्यावरची माणसं सकाळी लवकर उभी असतात, दवाखान्यात जाण्याआधी त्यांना गाठा. त्या चहावाल्यालाही भेटा, त्याचे आभार माना आणि एक गोष्ट नीट समजावून सांगा. ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर टिकू शकतो. गोड चहाने माणूस उठून बसला तरी दोन-तीन तासांनी पुन्हा कोसळू शकतो. म्हणून चहानंतर पोटभर खायला घालायचं, आणि माणूस बरा दिसला तरी रुग्णालयात न्यायचं.

ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काकांचं पोट कधी भरतं, एवढंच तुमच्या केसपेपरवर नव्हतं. पुस्तकातलं वेळापत्रक ज्याच्या घरी दोन वेळा चूल पेटते त्याला धरून केलेलं असतं. नाक्यावरच्या माणसाला काम मिळालं तर दुपारी वडापाव किंवा शिवभोजन थाळी, नाही मिळालं तर संध्याकाळी दादरच्या गुरुद्वारात लंगर, आणि तिथपर्यंत जायचं त्राण नसेल तर नुसती बिडी आणि चहा. त्यात दिवसभर ओझं उचलायचं म्हणजे साखर आणखी खाली. काकांच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते त्यांनाच विचारा. मला वाटतं, उत्तर यातच कुठेतरी सापडेल.

तुमचा मुख्य प्रश्न, पुस्तकाप्रमाणे लिहायचं की हात राखून, याचं माझं उत्तर असं आहे: आधी त्या माणसाचा दिवस विचारायचा आणि त्या दिवसाला पेलेल ते औषध पूर्ण डोसने लिहायचं. दिवस विचारायचा म्हणजे रात्री कुठे झोपतो, एकटा की कोणाच्या सोबतीने, पहिला घास किती वाजता मिळतो, पाणी कुठून आणतो, लघवी-संडासला कुठे जातो आणि तिथे पैसे पडतात का, सामान कुठे ठेवतो, गेल्या महिनाभरात ते चोरीला गेलं किंवा गाडीने उचलून नेलं का, दारू किती आणि कधी, पावसाळ्यात गावी जाणार का. याला जास्त वेळ लागत नाही. पण हे प्रश्न चौकशीच्या सुरात विचारू नका. या लोकांना पोलीस, महापालिकेची गाडी, सर्व्हेवाले सगळेच प्रश्न विचारून गेलेले असतात. तुम्ही का विचारताय ते आधी सांगा: "गोळी अशी द्यायची आहे की तुम्हाला त्रास नको, म्हणून विचारते."

काकांना मी काय दिलं असतं? नुसतं मेटफॉर्मिन, 500 मिलिग्रॅमपासून, हळूहळू अंमल करणाऱ्या प्रकारातलं, आणि दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणानंतर, मग ते रात्री नऊला का होईना. साधं मेटफॉर्मिन सुरुवातीला पोट बिघडवतं. आपण रुग्णाला "चार दिवस जुलाब होतील, मग थांबतील" असं सहज सांगून मोकळे होतो. ज्याला प्रत्येक वेळी संडाससाठी नाणं मोजावं लागतं आणि रात्री ते दारही बंद असतं, तो दुसऱ्याच दिवशी गोळी फेकून देणार. फेकून दिली तर त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. मेटफॉर्मिन देण्याआधी किडनी कशी आहे हे कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा आणि दारूचं विचारा. रोज भरपूर पिणाऱ्याला मेटफॉर्मिनने रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. दुसरी गोळी लागलीच तर सिटाग्लिप्टिन. तिचं पेटंट 2022 मध्ये संपल्यापासून ती बरीच स्वस्त झाली आहे आणि उपाशीपोटी ती एकटी साखर धोकादायक खाली नेत नाही.

हल्ली सगळीकडे लिहिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन मात्र काकांना नको. एरवी ते उत्तम औषध आहे, हृदयाला आणि किडनीला जपणारं. पण ते साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. लघवी वाढते, धुवायला पाणी नसेल तर जांघेत बुरशी होते, आणि उपास घडले तर साखर फार वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन आम्लं साचणं, होऊ शकतो.

साखरेचं लक्ष्यही थोडं सैल ठेवा. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी) 7 टक्क्यांच्या खाली आणण्याचा हट्ट नको, 8च्या आसपास आली तरी चालेल. वृद्धांसाठी किंवा साखर अचानक पडण्याचा धोका असलेल्यांसाठी आपण घरच्या रुग्णांतही हेच करतो. म्हणून याला गरीब उपचार म्हणू नका. श्रीमंताच्या आजोबांना ग्लिमेपिराइडऐवजी सिटाग्लिप्टिन दिली तर आपण त्याला काळजीपूर्वक निवड म्हणतो. तीच निवड फुटपाथवर केली की आपल्याला अपराधी का वाटावं? गरीब उपचार वेगळे ओळखू येतात. शुगर 290 दिसूनही "याचं काय होणार आहे" म्हणत बी-कॉम्प्लेक्स देणं, टीबी दिसत असूनही "दारू सोडून ये, मग बघू" म्हणणं, हाड मोडलेल्याला वेदनाशामक नाकारणं, हे गरीब उपचार. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

ब्लडप्रेशरमध्येही हीच पद्धत लावा. अम्लोडिपिन 5 ही गोळी फुटपाथसाठीच बनवल्यासारखी आहे: दिवसातून एक, जेवणाशी संबंध नाही, सुरू करायला रक्ताच्या तपासण्या लागत नाहीत आणि एखादा दिवस चुकला तरी बीपी एकदम उसळत नाही, कारण ती शरीरात बराच काळ राहते. देशभर राबवल्या गेलेल्या रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमातही बहुतेक ठिकाणी पहिली गोळी हीच आहे. पाय सुजू शकतात, ते आधी सांगा. क्लोनिडीन मात्र अशा माणसाला अजिबात देऊ नका. अचानक बंद पडलं की बीपी आधीपेक्षा वर जातं, आणि इथे औषध अचानक बंद पडणं ठरलेलंच आहे. अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांचंही थोडंफार असंच.

लघवीच्या गोळ्यांबद्दल बायकांशी स्वतंत्र बोला. पुलाखाली राहणाऱ्या कितीतरी बायका अंधार पडेपर्यंत पाणीच पीत नाहीत, कारण दिवसा जायला आडोसा नसतो आणि रात्री जायची भीती असते. अशा बाईला सकाळी फ्युरोसेमाइड घ्या म्हटलं तर ती घेणार नाही. पण हृदय थकलेलं असेल तर ती गोळी टाळताही येत नाही. मग वेळ तिलाच ठरवू द्या. सार्वजनिक शौचालय उघडं असताना, जवळपास असताना, दुपारी घेतली तरी चालते. सकाळीच घ्यायला हवी असा नियम नाही. केसपेपरवर तसंच लिहा, म्हणजे पुढचा डॉक्टर तिला रागावणार नाही.

आता झोपेच्या गोळीचं. मागणारा विकायला मागतोय असं धरून चालू नका आणि मागितली म्हणून देऊही नका. झोप का लागत नाही ते विचारा. डास, डोक्यावर हायमास्टचा उजेड, पोलिसाची काठी, उशाखालचं बोचकं चोरीला जाण्याची भीती, खोकला, दाढदुखी. आणि खरूज. रात्री खाज वाढते, माणूस आठवडे झोपत नाही आणि आपण चुटकीसरशी अल्प्राझोलाम लिहितो. खरजेवरचं परमेथ्रिन मलम अंगभर लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी अंघोळ करायची, कपडे-पांघरूण गरम पाण्यातून काढायचं. हे पुलाखाली कसं व्हायचं? तिथे आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या द्या, वजनाच्या किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, जेवणासोबत, आणि आठ ते चौदा दिवसांनी दुसरा डोस. गरोदर बाई आणि 15 किलोच्या आतलं मूल सोडून. शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांना त्याच दिवशी द्या, नाहीतर आठवड्यात परत येते. कितीतरी जणांची झोप एवढ्यानेच परत येते.

रोज पिणारा माणूस दोन दिवस दारू न मिळाल्यामुळे झोपत नसेल, हात थरथरत असतील, भास होत असतील, तर ती वेगळी गोष्ट आहे. त्याला झटके येऊ शकतात. त्याला डायझेपाम हवं, पण फुटपाथवर पुडीत बांधून नको. रुग्णालयात दाखल करा, आणि ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन द्यायला सांगा. चिठ्ठीवर तसं ठळक लिहून द्या.

फुटपाथवर गाढ झोप हा एक धोका आहे, याचा विचार आपल्या पुस्तकांत फारसा नसतो. एकटी झोपणारी बाई रात्री अर्धी जागी असते म्हणून सुरक्षित असते. तिला रात्री ॲमिट्रिप्टिलिन, क्वेटियापिन, अगदी सर्दीची क्लोरफेनिरामिन दिली तरी आपण तिचा पहारा काढून घेतो. दुभाजकावर झोपणारा पुरुष गुंगीत कूस बदलून रस्त्यावर येतो. म्हणून गुंगी आणणारं प्रत्येक औषध लिहिताना "रात्री कुठे, कोणाजवळ झोपता" हे पुन्हा विचारा. बेघरांच्या निवाऱ्यात जागा मिळाली तर गोष्ट बदलते. दर एक लाख लोकवस्तीमागे एक कायमस्वरूपी निवारा असायला हवा, असा शहरांसाठी सरकारी निकष आहे. मुंबई त्याच्या जवळपासही नाही. तरी तुमच्या वॉर्डात जो आहे तो स्वतः जाऊन बघून ठेवा, बायकांना घेतात का तेही विचारा.

विक्रीचा प्रश्न खोटा नाही. नायट्रोझेपामला मुंबईत बटन म्हणतात, मालेगावात अल्प्राझोलामला कुत्ता गोळी म्हणतात, हे तुम्ही शनिवारी ऐकलंच असेल. अल्प्राझोलाम, नायट्रोझेपाम, ट्रामाडोल, कोडीनचं सिरप ही सगळी औषध नियमांच्या एच-1 परिशिष्टात आहेत, दुकानदाराला डॉक्टरच्या नावासकट नोंद ठेवावी लागते. शनिवारच्या बॅगेत ही औषधं नेऊच नका, म्हणजे ती तुमच्याकडे मिळतात अशी बातमी पसरणार नाही आणि तुमच्या सोबतच्या मुलांनाही धोका होणार नाही. पण यातून "फुटपाथवर कोणालाच वेदनाशामक नाही" इथपर्यंत जाऊ नका. परळला टाटा रुग्णालयाभोवतीच्या फुटपाथवर बिहार, उत्तर प्रदेश, बंगालातून आलेली कॅन्सरची माणसं आणि त्यांचे नातलग प्लॅस्टिकखाली दिवस काढतात. त्यांच्यातल्या कोणाकडे मॉर्फिन लिहिलेलं असेल आणि ते चोरीला गेलं असेल, तर त्याला संशयाने बघू नका. त्याच रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात त्याला सोबत घेऊन जा, आठवड्यापुरतंच द्या अशी विनंती करा. इतरांना पॅरासिटामॉल द्या. पिणाऱ्याला, लिव्हर थकलेल्याला दिवसाला दोन ग्रॅमपर्यंतच.

गोळ्या ठेवायच्या कुठे, हे औषधाच्या नावाइतकंच महत्त्वाचं आहे. महिन्याभराचं औषध एका बोचक्यात असलं की एका चोरीत किंवा अतिक्रमणवाल्या गाडीच्या एका फेरीत महिनाच जातो. आठवड्याचं त्याच्याजवळ, उरलेलं चहावाला, पानवाला, निवाऱ्याचा व्यवस्थापक, ज्याच्यावर त्याचा विश्वास असेल त्याच्याकडे. तो कोण हे त्याला ठरवू द्या. सुट्ट्या गोळ्या कागदी पुडीत देऊ नका, पहिल्या पावसात त्यांचा लगदा होतो. पूर्ण स्ट्रिप द्या, किंवा कापायचीच तर नाव आणि तारीख छापलेला भाग राहील अशी कापा. मग ती झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, गळ्यात दोरी घालून बनियनच्या आत. केसपेपरचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा आणि त्याच्याकडे असेल तर त्याच्याही. काचेची सिरपची बाटली मोठ्या माणसाला देऊच नका.

तुमच्या पट्ट्यात कोणी इन्सुलिनवर असेल तर तेही अशक्य धरू नका. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये लागते, ती तुमच्या दवाखान्यात ठेवा. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते. केनियातल्या डडाब निर्वासित छावणीतलं तापमान मोजून जिनिव्हा विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी 2021 मध्ये दाखवून दिलं की 25 ते 37 अंशांच्या चढउतारातही इन्सुलिन चार आठवडे टिकतं. एप्रिल-मेच्या उन्हात बाटली माठाच्या गार ओल्या अंगाला ठेवायची, माठात बुडवायची नाही. खरी अडचण दोन ठिकाणी येते. जेवण नक्की नसेल तर इन्सुलिनचा डोस ठरवता येत नाही, आणि खिशात सिरिंज सापडली की पोलीस गर्दुल्ला समजतात. म्हणून दवाखान्याच्या शिक्क्याची, "हे मधुमेहाचे रुग्ण आहेत" अशी चिठ्ठी सिरिंजसोबत त्याच पिशवीत.

टीबीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण फुटपाथवर अजूनही माणसं याच रोगाने जातात आणि याच रोगाचं औषध फुकट मिळतं. दारू पितो, पत्ता नाही, आधार नाही, म्हणून उपचार सुरू न करणं यात माणूसही जातो आणि शेजारी झोपलेल्यांनाही लागण होते. औषध वजनाप्रमाणे रोज, पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली की तो गावी गेला तरी तिथल्या केंद्राकडे उपचार वळवता येतात. म्हणून पेरणीला किंवा होळीला कोण गावी जाणार हे आधी विचारा आणि जाताना पुरेशी स्ट्रिप द्या. लघवी नारिंगी होते हे सांगायला विसरू नका. न सांगितल्यामुळे "रक्त जातंय" म्हणून औषध सोडलेले लोक मी पाहिले आहेत. दारू पिणाऱ्याला पायांत मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन द्या, आणि भूक मेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी यायचं, हे त्याच्या सोबत्यालाही सांगून ठेवा.

पोषणासाठी महिन्याला 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. पण ते बँक खात्यात येतात, आणि ज्याचं खातं नाही त्याच्या हातात काहीच पडत नाही. हे गोळीइतकंच तुमचं काम समजा. शून्य शिलकीचं जनधन खातं उघडून देणारा एखादा कार्यकर्ता तुमच्या शनिवारच्या गटात हवाच. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्याचं वजन वाढतं त्याच्या जगण्याची शक्यता वाढते, हे झारखंडमधल्या मोठ्या अभ्यासाने 2023 मध्ये दाखवलं आहे.

आता पुलाखालच्या ताई. चहातून गोळी देऊ नका. तुमच्या मनाला पटत नाही ते बरोबर आहे आणि त्याला भक्कम कारणं आहेत. हॅलोपेरिडॉल पोटात गेलं आणि मान वाकडी झाली, जीभ बाहेर आली, डोळे वर फिरले, तर त्या बाईला काय झालं हे तिलाही कळणार नाही आणि आजूबाजूच्यांनाही. उतारा द्यायला तुम्ही तिथे नसाल. ती गरोदर आहे का हे तुम्हाला माहीत नाही. रस्त्यावर एकट्या बाईच्या वाट्याला काय येतं ते मी तुम्हाला सांगायला नको. मे महिन्याच्या उन्हात ही औषधं शरीराला गारवा राखू देत नाहीत, उष्माघात होतो. आणि कधीतरी तिला कळेलच. ज्या एका माणसाच्या हातून ती चहा घेते, त्याच्या हातून ती पुन्हा काहीही घेणार नाही. कोणी विष कालवतंय ही भीती आजारामुळे तिच्या मनात आधीच असेल तर आपण ती खरी करून दाखवू.

कायदाही याच बाजूचा आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 आजार आहे म्हणून माणसाची संमती आपोआप रद्द धरत नाही. त्याच कायद्याने निराधार आणि बेघर माणसाला सरकारी मानसोपचार मोफत मिळण्याचा हक्क दिला आहे, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. हा हक्क पाठ करून ठेवा, नोंदणीच्या खिडकीवर तुम्हाला तो बोलून दाखवावा लागेल.

मग करायचं काय? मानसिक आजाराचा विषय काही आठवडे बाजूला ठेवा. तुमच्या गटातली एक मुलगी ठरवा, दर वेळी तीच जाईल. ताईंना काय हवंय ते विचारा. बहुधा डोक्यातल्या उवा, पायावरची जखम, पाळीसाठी कपडा किंवा पॅड, असं काहीतरी असेल. ते द्या, बदल्यात काही मागू नका. जखम बांधून घेऊ लागल्या की रक्त तपासा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर, आणि विचारून गरोदरपणाची चाचणी. गोळीला होकार मिळाला तर मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने एकच औषध, लहान डोसने, गुंगी कमी असलेलं. रिस्पेरिडोनची सुरुवात तज्ज्ञ बहुधा एक-दोन मिलिग्रॅमने करतात. लिथियम इथे नको, पाणी कमी पडलं की त्याचं विष होतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट नको. महिन्यातून एकदाच्या इंजेक्शनचा मोह सगळ्यांना होतो आणि पुढे ते खरोखर उपयोगीही पडतं, पण आधी तेच औषध गोळीतून सोसतंय हे बघून आणि त्यांना सांगूनच. एकदा टोचलेलं आठवडेच्या आठवडे काढून घेता येत नाही.

त्या खाणं-पिणं सोडून बसल्या, जखमेत किडे पडले आणि हात लावू देत नाहीत, गाड्यांसमोर धावू लागल्या, तर थांबू नका. भटकणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या आजारी माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेण्याची जबाबदारी कायद्याच्या कलम 100 प्रमाणे पोलिसांची आहे, कोठडीत ठेवायची त्यांना परवानगी नाही. तातडीच्या वेळी, जीव वाचवण्यापुरते, 72 तासांपर्यंतचे उपचार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर सुरू करू शकतो, म्हणजे तुम्हीसुद्धा. संमतीशिवाय दाखल केलं गेलं तर बाईच्या बाबतीत तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, ते होतंय का ते बघा. ठाण्यातल्या एखाद्या महिला अधिकाऱ्याशी गरज पडण्याआधीच ओळख करून ठेवा. पुढे बरं वाटू लागल्यावर घरच्यांचा शोध हा वेगळाच टप्पा असतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि त्यांची श्रद्धा ही संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून देशभरातल्या घरांपर्यंत पोचवते. त्याच कामासाठी त्यांना 2018 मध्ये मॅगसेसे मिळालं. त्यांच्यासारख्यांशी बोला.

वरिष्ठांशी वाद घालू नका. त्यांनी पाठवलेली माणसं परत न येताना वर्षानुवर्षं पाहिली आहेत, त्यातून ते बोलतात. त्यांच्यासमोर काम ठेवा. प्रत्येक भेटीत "गोळ्या घेतल्या का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "गेल्या आठवड्यात किती राहिल्या?" असं विचारा आणि स्ट्रिप बघा. राहिल्या असतील तर कारण लिहा: संडास नव्हता, गाडीने नेलं, उपाशी होतो. दोन-तीन महिन्यांनी ती वही घेऊन वरिष्ठांकडे जा आणि सोबत दवाखान्याचा मागणी अर्ज न्या. हळू अंमलाचं मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन आणि आयव्हरमेक्टिन तुमच्या दवाखान्याच्या यादीत असेल तर "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी तुम्हाला लिहावी लागणार नाही. नाक्यावरची माणसं सकाळची ओपीडी गाठू शकत नाहीत, तेव्हा संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा असणारा महापालिकेचा जवळचा 'आपला दवाखाना' कोणता, हेही त्याच वेळी विचारा.

काकांचं क्रिएटिनिन या आठवड्यात करून घ्या आणि आकडा मला कळवा. त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, 30च्या खाली निघाला तर मेटफॉर्मिनही देता येणार नाही. मग आपण लिनाग्लिप्टिनचा विचार करू, किडनी थकलेली असली तरी त्याचा डोस बदलावा लागत नाही.